हॅले पाहिलेला माणूस

पुण्यात थंडी आधी बोलण्यात पडते, मग अंगावर. नोव्हेंबर संपता संपता दुधाची पिशवी घेऊन परतणारा एक जण म्हणतो, "आज जरा जाणवली," आणि दुसरा लगेच म्हणतो, "ही कसली थंडी?" खरी थंडी त्याच्या लहानपणीच पडून गेलेली असते. तेव्हा म्हणे खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय पातळ होत नसे आणि शाळेत जाताना तोंडातून वाफा निघत. मी पन्नाशीचा आहे, त्यामुळे माझ्याकडेही अशी एक खासगी थंडी साठवलेली आहे. तिच्याबद्दल मात्र मी हल्ली जपून बोलतो.

यंदाही माळ्यावरची बॅग उतरली. डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. स्वेटर, कानटोप्या, एकाच पायाचा एक मोजा आणि सगळ्यांच्या तळाशी वडिलांचा तपकिरी लोकरी कोट. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो झटकला, खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "हं, सुरू कर." हा आमचा नवा कुळाचार आहे. या कोटाच्या डाव्या कोपरावर कसर लागून रुपयाएवढं भोक पडलं होतं. ते कुठे होतं, हे मी दर थंडीत शोधायचं. मी चष्मा लावून खिडकीशी बसतो, कोपर उजेडाकडे धरतो, आणि मग माझं लक्ष कोटावरून उडून सरळ गच्चीवर जातं. त्या भोकाचा आणि आकाशाचा जवळचा संबंध आहे.

आमची सोसायटी विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याला लागून. इथलं आकाश तसं वर्दळीचं. विमानं इतक्या खालून जातात की नवा पाहुणा मान खाली घालतो आणि जुना रहिवासी फक्त बोलणं थांबवतो, विमान गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. त्या हिवाळ्यात परदेशी निघालेला माझा मावसभाऊ जाता जाता एक दुर्बीण आमच्या घरी ठेवून गेला. ती तीन पायांवर उभी राहायची आणि तिच्यामुळे बाल्कनीत कपडे वाळत घालता येईनात. "एक तर ती गच्चीवर जाईल नाही तर तू," असं मेधाने सांगितल्यावर मी किल्लीसाठी पाठककाकांकडे गेलो.

पाठककाका आमचे सचिव. गच्चीची किल्ली त्यांच्या कमरेला असते आणि ती मागणाऱ्याकडे ते संशयित म्हणून पाहतात.

"गच्चीवर कशाला?"

"तारे बघायला."

"खालून दिसत नाहीत?"

"दुर्बिणीतून बघायचेत, काका."

"तुम्हाला त्यातलं कळतं?"

तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. "मी हॅले पाहिलाय," म्हटलं.

काकांचा चेहरा बदलला. हॅलेचा धूमकेतू शहाऐंशी साली येऊन गेला, परत यायला पाऊण शतक लागतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पाहिलेला माणूस समोर उभा असला की लोक चपला काढून आत येतात तसे जरा अदबीने बोलतात. मी हे वाक्य आयुष्यभर वापरलं आहे. नोकरीच्या मुलाखतीत वापरलं, मेधाला पहिल्यांदा भेटलो तेव्हा वापरलं. काकांनी किल्ली काढून दिली आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली: 'गच्चीवर सायंकाळी साडेआठपर्यंत आकाशदर्शनास परवानगी आहे. दुर्बीण आकाशाकडेच रोखावी. समोरची इमारत हा ग्रह नाही.'

तो वर्षाचा शेवटचा आठवडा होता. अमावास्या तोंडावर, त्यामुळे संध्याकाळी चंद्र नाही. हौशी माणसाला याहून चांगला मुहूर्त मिळत नाही. सूर्य बुडाला की पश्चिमेला शुक्र असा लखलखायचा की सोसायटीतले निम्मे लोक ते विमान उतरायची वाट बघत. त्याच्या वर जरा फिक्का शनी. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, खाली लालसर रोहिणी, आणि तिच्या शेजारी त्या वर्षी मुक्कामाला आलेला गुरू. मग मृग आडवा होऊन वर यायचा, पोटात तीन ताऱ्यांचा बाण घेऊन, आणि त्याच्या मागोमाग व्याध, निळा-पांढरा-हिरवा असा चुळबुळणारा. हे सगळं दुर्बिणीशिवाय दिसतं, फुकट दिसतं आणि रोज दिसतं. म्हणूनच बहुधा कुणी बघत नाही.

गुरुवारी उद्घाटन झालं. पुण्यात कुठलीही गोष्ट उद्घाटनाशिवाय सुरू करता येत नाही. काकांनी दुर्बिणीला हळदकुंकू वाहिलं, मी नारळ फोडला, मेधाने केलेले डिंकाचे लाडू वाटले. थंडीतले डिंकाचे लाडू, तेही मेधाचे, म्हणजे बोटांच्या पेरांतून तूप ओघळतं. दोन लाडू खाऊन मी दुर्बिणीला डोळा लावायची ती छोटी भिंगाची नळी बसवली आणि ती गुरूकडे वळवली.

तिसऱ्या मजल्यावरचा वानखेडे पहिला. हा अकोल्याचा, आयटीतला, मोबाइलमध्ये ताऱ्यांचं ॲप असलेला. "सर, गुरूभोवती धुकं आहे," तो म्हणाला, आणि लगेच ॲप वाचून, "ॲक्च्युअली ते त्याचं ॲटमॉस्फिअर आहे. गॅस जायंट ना!" मग रांगेतल्या सगळ्यांना गुरूचं वातावरण दिसलं. त्यानंतर मी मृगाच्या बाणाशेजारचा तेजोमेघ लावला. तिथे नवे तारे जन्मतात, ढगासारखं धूसर दिसेल, असं आधीच सांगून ठेवलं. सगळ्यांना ढगासारखं धूसर दिसलं. काकांनी दोनदा पाहिलं. "जन्म चाललेत," म्हणाले.

शुक्रवारी खाला वर आल्या.

खाला म्हणजे तळमजल्यावरच्या तांबोळींच्या आई. मुलाचं, सलीमभाईंचं, चष्म्याचं दुकान आहे, ते दुकानातून घरी येईपर्यंत आमची गच्ची बंद झालेली असे. खालांचं वय पंचाहत्तरच्या पुढे आणि हातात रफूची कला. कुणाची शाल, कुणाच्या लग्नाचा शेला, कुणाचा सूट. कसर लागली की आळंदी रस्त्यावरची अर्धी घरं खालांकडे धावतात. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागे उपसायचे, केसासारख्या बारीक सुईने भोकावर एकेक धागा उभा-आडवा विणायचा. दुपारचं ऊन खिडकीत आलं की त्या बसत आणि ऊन सरकलं की उठत. माझा कोट त्यांच्याकडे आठवड्यापूर्वीच गेला होता. दुसरी गोष्ट म्हणजे ईदचा चंद्र आमच्या गल्लीत दरवर्षी पहिल्यांदा खालांना दिसतो. सलीमभाई मशिदीतल्या निरोपाची वाट बघत फोन धरून बसतात आणि खाला अंगणातून ओरडतात, "शिरखुर्म्याला लागा."

लिफ्ट सहाव्यापर्यंतच जाते. पुढच्या पायऱ्या त्या गुडघ्यांवर हात ठेवत चढल्या, खुर्चीवर बसून दम घेतला, मग दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ लावला.

"धुरकट आहे," म्हणाल्या.

"तोच तेजोमेघ, खाला," मी म्हटलं.

"मेघबिघ नाही. कंदिलाची काच पुसली नाही की दिसतं, तसं दिसतंय."

गुरू लावला. तोही धुरकट. शुक्र तर समोरच्या इमारतीआड गेला होता. मग सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला. तो काकांनी उच्चारला. "मोतीबिंदू." मग ज्याच्या त्याच्या घरातला मोतीबिंदू निघाला. वानखेडेच्या आजीलाही आधी सगळं धुरकटच दिसायचं. खाला सगळ्यांकडे बघत होत्या. शेवटी माझ्याकडे बघितलं, कारण मी जाणकार होतो. मी अगदी मऊ आवाजात म्हणालो, "वय झालं की होतं, खाला. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही."

आजही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात.

रविवारी सकाळी सलीमभाई दारात. हातात माझा कोट, कोपराला भोक तसंच. "माफ करा, सातपुतेसाहेब. अम्मीने सगळ्यांचे कपडे परत करायला सांगितलेत. सुईचा डबा कपाटावर ठेवून दिलाय. म्हणते, एवढ्या लोकांना दिसतं ते मला दिसत नाही, उद्या कुणाचा शेला बिघडवला तर?" मग खजील हसले. "मी गावाचे डोळे तपासतो आणि माझ्याच घरात कळलं नाही मला. डॉक्टरांची वेळ घेतलीय, नव्या वर्षातली." त्यांच्या दुसऱ्या हातावर अजून पाच शाली होत्या. ते जिना चढून पुढच्या घरी गेले.

सोमवारी कामावरून लवकर आलो आणि एकटाच गच्चीवर गेलो. सूर्य मावळतीला, किरणं तिरपी. भिंगाची नळी खिशातून काढली, सहज उजेडात धरली, आणि त्या काचेवर मला एक अंगठा दिसला. पूर्ण, रेषारेषांसह, सहीऐवजी उमटवावा तसा. कडेला डिंकाचा एक कण चिकटला होता. मी माझा अंगठा शेजारी धरून पाहिला. पोलिसांची गरज नव्हती.

रुमालाने काच पुसली. शुक्र लावला. तो अर्ध्या चंद्रासारखा, कापून ठेवल्यासारखा स्वच्छ. शनी लावला. त्या वर्षी त्याचं कडं आपल्याकडे अगदी धारेने वळलेलं होतं, त्यामुळे तो ओवलेल्या मण्यासारखा दिसत होता, मणी आणि त्यातून आरपार गेलेली सुई. सुई बघून मला पुढे बघवेना.

सरळ खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. उलट सात वाजता सगळे आले तेव्हा काही न बोलता गुरू लावून दिला. वानखेडे म्हणाला, "आज ॲटमॉस्फिअर क्लिअर झालंय, सर." काकांनी तेजोमेघ बघितला, खरा, फिका, पाखराच्या पिसाएवढा, आणि नाक मुरडलं. "काल छान होता. आज जन्म कमी आहेत." मी मान डोलावली. गप्प का राहिलो, ते सांगायचं तर माझ्या त्या खासगी थंडीपर्यंत जावं लागतं.

शहाऐंशीचा जानेवारी. मी सहावीत. विज्ञानाच्या सरांनी आमचा वर्ग एस.टी. ठरवून कात्रजच्या घाटात नेला. सूर्य मावळला होता, वारा कान कापत होता, आणि चाळीस मुलांत द्विनेत्री दुर्बीण एकच. रांग लावली. प्रत्येकाने दहा आकडे होईपर्यंत बघायचं. सर विचारत, "दिसला?" जो "दिसला" म्हणेल त्याने पुढे जायचं, तिथे शिपाईमामा मोठ्या पातेल्यातून मसाला दूध देत होते. जो "नाही" म्हणेल त्याने पुन्हा रांगेच्या शेवटी. शास्त्रीय दृष्टीने यात काहीच चूक नव्हती. पहिला मुलगा प्रामाणिक निघाला. तो कुडकुडत मागे गेला, आम्ही त्याच्याकडे बघितलं, मग पातेल्यातून निघणाऱ्या वाफेकडे बघितलं, आणि त्यानंतर एकोणचाळीस मुलांना ओळीने हॅले दिसला. कुणाकुणाला शेपटीसकट. माझी पाळी आली तेव्हा काळ्यावर काळं सोडून काहीही दिसलं नाही. सरांनी विचारलं. वेलदोड्याचा वास येत होता. मी म्हणालो, "दिसला, सर."

त्या एका पेल्यावर मी चाळीस वर्षं काढली. काचेवरचं तूप कबूल केलं की पुढचा प्रश्न येणार: काचेवर तूप आहे हे हॅले पाहिलेल्या माणसाला कळलं नाही? आणि कळलं नव्हतं हे खरं. दुर्बिणीतून काही नीट दिसलं नाही की चूक माझीच, हे मी सहावीतच ठरवून टाकलं होतं.

मंगळवारी वर्षअखेर, म्हणून गच्चीवर मंडप, दुर्बीण घरात. मी सबंध संध्याकाळ बाल्कनीतून खाली तांबोळींच्या खिडकीकडे बघत होतो. रोज तिथे खालांची खुर्ची असायची. आता नव्हती. मेधाला सगळं सांगितलं. ती आधी हॅलेवर पोट धरून हसली. मग थांबली आणि म्हणाली, "मला दिसलं नाही म्हणणारी एक बाई होती अख्ख्या गच्चीवर. तिलाच तुम्ही आंधळी केलंत."

बुधवारी, एक जानेवारीला, पौषातल्या द्वितीयेची कोर दिसणार होती. मी साडेपाचला खालांकडे गेलो. त्या मटार सोलत बसल्या होत्या. "याला डोळे लागत नाहीत," म्हणाल्या.

"खाला, वर चला. चंद्र आहे आज."

"मी येऊन काय करू? तुम्ही बघा आणि मला सांगा."

"तुम्ही आल्याशिवाय मी बघणार नाही."

त्या आल्या, बहुधा माझा चेहरा बघून. वर पंधरावीस जण जमले होते. सूर्य बुडाला. वानखेडेने मोबाइल उंच धरला होता; पण तो उभा होता लोखंडी टाकीला टेकून, त्यामुळे त्याच्या ॲपचं होकायंत्र चंद्र येरवड्याच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला दाखवत होतं. सगळे तिकडे बघत होते. अशात एका विमानाच्या मागे धुराची बारीक रेघ उमटली आणि काका ओरडले, "तो बघा! दिसला!"

"हो हो! दिसला!" गच्ची म्हणाली.

"नाजूक आहे नाही?"

"सातपुते, दिसला ना?" काकांनी विचारलं.

माझ्या नाकात वेलदोड्याचा वास आला. खरंच आला. मी म्हणालो, "नाही. मला दिसत नाही."

सगळे वळले. मग मी थांबलोच नाही. ते विमान आहे, म्हटलं. चंद्र मावळतीकडे असतो, तिथे नाही. गुरूचं वातावरण म्हणजे डिंकाच्या लाडवाचं तूप होतं, अंगठा माझा होता, तेजोमेघही बराचसा माझाच होता. मला सोमवारपासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो. खालांनी काच पुसलेली नाही म्हणून सांगितलं होतं, ते अक्षरशः बरोबर होतं. "आणि हॅले," मी म्हटलं, "मला कधीच दिसला नाही. मसाला दूध मिळत होतं."

एक विमान उतरून गेलं. खालांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या खुर्चीतून उठल्या, मावळतीच्या कठड्याशी गेल्या, डोळ्यांवर तळहाताची पडवी धरली. मी मनात मोजत होतो, दहा आकड्यांपर्यंत. दहा झाले, वीस झाले. त्यांना नाही दिसला तर मी काय करणार होतो, मला माहीत नाही.

"त्या लाल दिव्याच्या मनोऱ्याच्या डावीकडे," खाला म्हणाल्या. "दोन बोटं वर. नखाएवढा."

होता. आधी नव्हता आणि मग होता, इतका बारीक की पापणी लवली की हरवायचा. या वेळी कुणी ओरडलं नाही. जो तो आपापला शोधत होता, आणि सापडला की नुसता "अं" असा आवाज काढत होता. खालांनी ओंजळ धरून ओठ हलवले, हात चेहऱ्यावरून फिरवले. मग माझ्याकडे वळल्या.

"पाच दिवस सुई धरली नाही मी," म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "सलीम कपाटावरून डबा काढून देतोय का बघते. कोट आण. आणि त्या सगळ्यांना शाली परत आणायला तू सांगायचं, दारोदार."

मी दारोदार गेलो. पाच घरी पाच वेळा अंगठ्याची गोष्ट सांगितली.

डॉक्टरांची वेळही त्यांनी पाळली. मोतीबिंदूची थोडी सुरुवात आहे, पण आत्ता काही करायची गरज नाही, असं निघालं. ते खालांनीच गच्चीवर येऊन जाहीर केलं: "माझा मोतीबिंदू थोडा खरा निघाला. तुमचा मेघ बराचसा खोटा." लिफ्टशेजारी नवी सूचना लागली: 'भिंगास हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. न दिसलेले दिसले असे म्हणू नये.' किल्ली काढून घ्यायला येतील म्हणून मी ती तयार ठेवली होती. काका आले, बसले, चहा प्यायले, किल्लीचं नाव काढेनात. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "सातपुते, मीसुद्धा पर्वतीवरून पाहिला होता. हॅले."

"बरं."

"नव्हता दिसला." मग दाराकडे बघून हळूच, "आमच्या हिला सांगू नका. लग्नाच्या आधी सांगितलं होतं तिला."

तेव्हापासून मी हिशोब करतो की हॅले परत येईल तेव्हा मी शहाऐंशी वर्षांचा असेन. तोवर टिकलो तर बघीन, नाही दिसला तर नाही म्हणेन. एवढी साधी गोष्ट शिकायला माणसाला धूमकेतूइतका फेरा का पडावा, कळत नाही.

यंदा शुक्र संध्याकाळी नाही आणि गुरूने घर बदललंय. मृग तेवढा आहे तिथेच आहे. मी खिडकीत बसून कोपर पुन्हा पाहिलं. चष्म्याने पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, शेवटी दुर्बिणीचं तेच भिंग, स्वच्छ पुसून, कापडावर धरून पाहिलं. धागा धाग्यात गेलेला. बोट फिरवलं तरी काही लागेना. मेधा म्हणाली, "मग?" मी कोट अंगात घातला आणि खाली तांबोळींकडे गेलो.

खाला खिडकीत होत्या, मांडीवर कुणाचा तरी अंजिरी शेला. मी हात पुढे केला. "खाला, दरवर्षी शोधतो. तुमचं रफू कुठे आहे ते दिसत नाही."

त्यांनी सुई थांबवली आणि मला खालून वर न्याहाळलं.

"खरंच दिसत नाही," म्हणाल्या, "की दूध पाहिजे?"

खरंच दिसत नाही, मी म्हटलं. त्यांनी आणखी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, मग उठून दूध तापत ठेवलं.